जर्मनीत उजवीकडच्याला आधी वाट

भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला गेल्यापासून ६ महिनेच गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.

चौकात सिग्नल किंवा पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, छोट्या गल्लीतून सायकल आली तरी. शहरात हॉर्न फक्त धोक्याच्या वेळी.

ऑटोबानच्या बऱ्याच भागात वेगमर्यादा नाही; ताशी १३० किलोमीटरची शिफारस आहे. उजवीकडून ओव्हरटेक करायला मात्र सहसा मनाई. वाहतूक तुंबली, की सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्या गाड्या आणखी डावीकडे सरकतात, बाकीच्या उजवीकडे. मधून अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता मिळतो. सायरन वाजण्याआधीच ही वाट मोकळी ठेवायची असते. आपल्याकडे तातडीनं यावी अशी ही सवय. तिथे ती मोडली तर किमान २०० युरो दंड होतो.