बंद बंगल्यातली सेडान

नाताळच्या सुमारास परदेशातली मंडळी बारडोलीत उतरली की माझ्या गॅरेजचा फोन थांबत नाही. इथल्या कितीतरी पाटीदार घरांतलं कुणी ना कुणी इंग्लंड-अमेरिकेत असतं. बंगला वर्षातले दहा महिने बंद, आणि पोर्चमध्ये कव्हर घातलेली सेडान. होंडा सिटी, डिझायर, व्हर्ना, क्वचित एखादी जुनी अ‍ॅक्सेंट. या खेपेला ती काढून टाकायची असते आणि प्रश्न एकच असतो, "भाई, केटला आवशे?" म्हणजे, किती येतील?

आम्ही मूळचे खानदेशातले. वडील साखर कारखान्यात कामाला आले, मी इथेच वाढलो. त्यामुळे विकणारा बारडोलीचा आणि घेणारा नवापूर-नंदुरबारचा, असे सौदे माझ्याकडे बरेच येतात. दोघांनाही मी एकच सांगतो: मीटर नंतर बघू. आधी कागदावर किती आयुष्य उरलंय आणि गाडीचं रबर कसं आहे, ते बघू.

यंदा आलेली २०१२ची एक सिटी घ्या. पेट्रोल, पहिला मालक, मीटरवर जेमतेम तीस हजार किलोमीटर. नवी घेतली तेव्हा आठ लाखांच्या आसपास पडली होती. मालकाच्या मुलाने मनाशी चार लाख धरले होते. रंग खरोखर आरशासारखा होता. मी खाली बसून त्याला टायरच्या बगलेवरचे चार आकडे दाखवले: १९१२. म्हणजे २०१२ सालच्या एकोणिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नव्यासारखी, पण कडेला बारीक चिरा पडलेल्या, नख रुतेल एवढ्या. असा टायर हायवेला उन्हात कधी फुटेल याचा भरवसा नाही. बॉनेट उघडलं तर कूलंटचे पाइप कडक झालेले आणि एक वायर उंदराने कुरतडलेली. शेजारी उसाचं शेत असलं की उंदीर येणारच. बॅटरी गेलेली, ब्रेकच्या डिस्कवर गंज, सस्पेन्शनचे बुश वाळलेले. माणसांनी वापरली असती तर हे सगळं वेळच्या वेळी बदललं गेलं असतं. टायर, बॅटरी, पाइप, ब्रेक धरून चाळीस-पन्नास हजारांचं काम निघालं. मी सव्वादोन लाख सांगितले. तो नाराज झाला, ते मला समजतं. ती गाडी त्याच्या वडिलांनी हौसेने घेतली होती. पण रोज सुरतला ये-जा करणारी, ऐंशी हजार किलोमीटर झालेली आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली सिटी मी हिच्यापेक्षा दहा-वीस हजार जास्त देऊन घेईन.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे या सिटीचं आरसी बुक २०२७मध्ये संपतं. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगार, असं अनेकांना वाटतं. दिल्लीतल्या बंदीच्या बातम्यांमुळे तो समज पसरला. आपल्याकडे तसं नाही. आरटीओत गाडी तपासून घ्या, फी भरा, पाच वर्षं वाढवून मिळतात. मात्र ही फी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५पासून १०,०००. घेणारा हा हिशोब आधीच करून येतो. म्हणून चौदाव्या वर्षी भाव पडतो, आणि नूतनीकरण झालेली सोळा वर्षांची गाडी कधीकधी चौदा वर्षांच्या गाडीइतकीच विकली जाते.

पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दाखवून कुणी भाव मागितला तर ऐकू नका. विम्याच्या कोष्टकात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे कोष्टकच नाही, तो आकडा विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. नो क्लेम बोनसही मालकाचा असतो, तो गाडीबरोबर जात नाही.

नव्या गाडीच्या किमतीचा धक्काही बसतो. २२ सप्टेंबर २०२५ला चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नवी डिझायर स्वस्त झाली, तशी जुनी डिझायरही खाली आली. शिवाय पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. ऊस हे आमच्या तालुक्याचं मुख्य पीक, त्यामुळे इथेनॉलशी माझं वैर नाही. पण त्यासाठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३नंतरच्या. चारचाकीचं मायलेज जुन्या इंजिनात ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच म्हटलंय. जुनी गाडी घेणाऱ्याने इंधनाचे पाइप आणि सील तपासून घ्यावेत.

सुरतची गाडी असेल तर आणखी एक बघा. तिथे पावसाळ्यात खाडीपूर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. सीट धुता येते, तो पट्टा सहसा कुणी धूत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिचं वायरिंग पुढची कितीतरी वर्षं छळतं.

नंदुरबारकडच्या गिऱ्हाइकाला खर्चाचा एक आकडा आठवणीने सांगावा लागतो. गुजरातेत खासगी गाडीचा कर ६ टक्के, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांपासून पुढे. गाडी बारा महिन्यांहून जास्त तिकडे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि घसारा वजा करून उरलेल्या किमतीवर तिकडचा कर भरावा लागतो. इथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, शिवाय २९ आणि ३०. गाडीवर कर्ज होतं तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५.

विकणाऱ्यालाही मी सह्या करून मोकळं होऊ देत नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी पुढे कितीही हात बदलो, नोंदणी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. विमानाचं तिकीट जवळ आलेला मालक कोऱ्या फॉर्मवर सह्या करून निघायच्या घाईत असतो. त्या सिटीच्या मालकाला मी परतीच्या आधी आरटीओत नेलं, सव्वादोन लाखांतच सौदा झाला, आणि नवं नाव ऑनलाइन दिसेपर्यंत चावी माझ्याकडेच ठेवली.