पट सापडतो, नियम सापडत नाहीत

‘पोलिस’ नावाचा एक आधुनिक बोर्ड गेम आहे. (आपले पोलीस नव्हेत, ग्रीकमध्ये पोलिस म्हणजे नगरराज्य.) फ्रान दियाझ यांचा हा खेळ 2012 मध्ये आला. एकाने अथेन्स चालवायचं, दुसऱ्याने स्पार्टा; गहू मिळवून लोकांना पोसायचं, इतर नगरं आपल्याकडे वळवायची. नियमांची पुस्तिका डब्यातच असते, म्हणून वाद नाही.

गंमत अशी, की प्राचीन ग्रीकांचाही ‘पोलिस’ नावाचा पटावरचा खेळ होता. त्याची पुस्तिका मात्र नाही. नगराबाहेरच्या माणसाला अ‍ॅरिस्टॉटल पटावरच्या एकट्या सोंगटीची उपमा देतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला कोशकार पोलक्स सांगतो: पटाला ‘नगर’ म्हणतात, सोंगटीला ‘कुत्रा’, आणि एका रंगाच्या दोन सोंगट्यांनी दुसऱ्या रंगाची एक कोंडली की ती उचलायची. बस. घरं नेमकी किती, सोंगटी चालते कशी, हे तो सांगत नाही. तरी आज ‘पेट्टेईआ’ या नावाने जे नियम फिरतात त्यात 8 बाय 8 चा पट असतो आणि बुद्धिबळातल्या हत्तीसारखी सरळ चाल. ही भर आपल्या काळातली. भर घालणं चूक नाही; ती पुरावा म्हणून खपवणं चूक.

मग संशोधन काय करायचं? मास्ट्रिख्ट विद्यापीठात 2018 ते 2023 ‘डिजिटल लुडीम प्रोजेक्ट’ चालला. कल्पना साधी: पुराव्याशी जुळणारे नियमांचे वेगवेगळे संच घ्या आणि संगणकाला स्वतःशीच भरपूर डाव खेळू द्या. एकच बाजू कायम जिंकते का? डाव संपतच नाही का? अशा संचांवर संशय घ्या. पण उरलेला संच ‘मूळ’ ठरत नाही, फक्त खेळण्याजोगा ठरतो. प्रपोजलमध्ये ‘मूळ नियम शोधणे’ असं उद्दिष्ट लिहिणार असाल तर इथेच थांबा.

आपल्याकडे उलट सोय आहे. वाघ-बकरीचे नियम अजून माणसांच्या तोंडी आहेत. नेपाळच्या बाघचालीत 25 ठिकाणं, 4 वाघ, 20 बकऱ्या. दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे लिम यू जिन आणि युर्ग नीवरगेल्ट यांनी संगणकाच्या मदतीने दाखवलं. हा निकाल त्या नियमांपुरता. तुमच्या गावात वाघांची संख्या किंवा पटाचा आकार वेगळा असेल, तर तो तसाच उचलता येणार नाही. गणित नव्याने मांडावं लागेल.

म्हणून आधी नोंद. मंठ्यातल्या दोन आजोबांना वेगवेगळं बसवून विचारा; एकत्र विचारलं तर दुसरे पहिल्याला नुसते ‘हो’ म्हणतील. ‘कसं खेळतात?’ एवढ्यावर थांबू नका. खडे मांडून डाव खेळायला लावा, कारण सांगताना सुटलेला नियम भांडताना बाहेर येतो.

जवळच लोणारला किंवा कुठल्याही जुन्या देवळात गेलात, तर फरशीवर पटाच्या रेषा आहेत का बघा. सापडल्या तर सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून. देवळाचं वय पटाला चिकटवू नका. रेषा कोणी कालही कोरल्या असतील. पट उभ्या भिंतीच्या दगडावर असेल तर मात्र नीट बघा. उभ्या पटावर खडे टिकत नाहीत, म्हणजे बहुधा दगड भिंतीत बसण्याआधीच पट कोरला गेला.