मोटारीमागच्या घराचा सांगाडा

मोटारीमागें लहानसें घर जोडून रानोमाळ हिंडण्याची हौस ऑस्ट्रेलियांत फार आहे, आणि तें घर आपल्याच हातांनीं बांधणारे गृहस्थही तेथें आढळतात. अंगणांतल्या शेडमध्यें, सुट्टीच्या दिवशीं, पोलादी नळ्या कापून व वेल्डिंग करून दोन चाकांचा ट्रेलर उभा राहतो. वर तंबू, पोटांत पाण्याची टाकी, मागें स्वयंपाकाची सोय. हा सगळा भार ज्याच्यावर पडतो तो सांगाडा मात्र कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. तो मोडला म्हणजे दिसतो. आणि त्या वेळीं जवळचें गांव शंभर किलोमीटर दूर असूं शकतें.

सांगाडा ओझ्यानें मोडतो असा सर्वसाधारण समज आहे. रानवाटेवर तो बहुधा थकून मोडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशांत गिब रिव्हर रोड नांवाचा सुमारें ६६० किलोमीटरांचा रस्ता आहे. गुरें बंदराकडे नेण्यासाठीं तो झाला. त्याचा बराच भाग अजून खडीमातीचा असून रहदारीनें त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. दोन लाटांत पाऊण मीटर अंतर धरलें, तर ताशीं ६० किलोमीटर वेगानें चाकास सेकंदाला २२ धक्के बसतात. सारा रस्ता तसाच मानला तर एकाच फेरींत ही संख्या आठ लाखांवर जाते! जो ताण पोलाद एकदां सहज सोसतें, तोच लक्षावधि वेळां आला तर तें तुटूं शकतें, हें ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनियरानें एकोणिसाव्या शतकांत आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून दाखविलें.

तडा जाण्याची मुख्य जागा ठरलेली आहे. मोटारीकडे जाणाऱ्या दोन तिरप्या दांड्या सांगाड्याच्या पुढल्या आडव्या नळीखालून बाहेर पडतात, तेथें वांक सर्वांत अधिक असतो. नेमक्या तेथेंच हौशी कारागीर दांडीवर आडवें वेल्डिंग करतो. त्या आंचेनें व खांचेनें पोलाद दुबळें होतें आणि तडा तेथून सुरू होतो. म्हणून दांड्या निदान स्प्रिंगच्या पुढल्या आधारापर्यंत मागें न्याव्या, आणि वेल्डिंग दांडीच्या लांबीच्या दिशेनें करावें. जोडपट्टी घातली तर तिचीं टोकें माशाच्या शेपटीसारखीं निमुळतीं कापावीं. भोंक पाडणेंच झालें तर नळीच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावें. वरच्या अगर खालच्या अंगास कधींही नाहीं.

“जाड घातलें कीं झालें” हा उपाय फसवा आहे. जाड भाग जेथें एकाएकीं संपतो तेथें पातळ भागावर सगळा वांक येतो, शिवाय वजन वाढतें. १०० बाय ५० मिलिमीटरांची, ३ मिलिमीटर जाडीची नळी मीटरला सुमारें पावणेसात किलो भरते. तीच आडवी न ठेवतां उभी ठेवली, तर पोलाद न वाढवितां ती जवळजवळ तिप्पट ताठ होते.

सांगाड्याइतकीच तोलाचीही काळजी घ्यावी लागते. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढल्या जोडावर यावा असा तेथील प्रघात आहे. आपल्या बैलगाडीवाल्यास हें शिकवावें लागत नाहीं. गाडी उलाळ झाली कीं जूं वर उचलतें, हें तो जाणतो. मोटारीमागची गाडी उलाळ झाली तर ती वेगांत डोलूं लागते व मोटारीसही ओढून नेते. ८० लिटरांची भरलेली टाकी आंसामागें एक मीटरावर बसविली आणि जोड आंसापुढें साडेतीन मीटरांवर असला, तर त्या जोडावरील सुमारें २३ किलो भार उचलला जातो. घरांतला वजनकांटा ठोकळ्यासह जोडाखालीं ठेवून हें सहज पाहतां येतें. ट्रेलर मात्र समपातळींत हवा.

सरकारी नियम आहेतच. रुंदी अडीच मीटरांच्या आंत, आणि जोडलेल्या स्थितींत चाकांवर ७५० किलोंहून अधिक भार असेल तर ब्रेक. नोंदणीवांचून रस्त्यावर येतां येत नाहीं.

रंग शेवटीं, पण तो फिक्का द्यावा. काळ्या रंगावर तडा दिसत नाहीं. फिक्क्या रंगावर गंजाची केसाएवढी तांबूस रेघ मुक्कामाच्या ठिकाणीं, ओणवें होऊन पाहिल्यास, बॅटरीच्या उजेडांतही सांपडते. ती सांपडली तर दुसऱ्या दिवशींचा प्रवास रहित करावा आणि वेल्डिंगवाला शोधावा.