नांगर : शेतातला आणि समुद्रातला

‘नांगर धरला’ म्हटले की शेत दिसते आणि ‘नांगर टाकला’ म्हटले की बंदर. आमच्या जांबे गावाला समुद्र नाही. तेथे नांगर म्हणजे बैलांमागचे अवजार. जहाजाचा नांगर पाठ्यपुस्तकातूनच भेटतो. मग एकाच शब्दाला हे दोन अर्थ आले कोठून?

पुष्कळांना वाटते की, फाळ जमिनीत रुततो तसा जहाजाचा आकडा समुद्रतळात रुततो, म्हणून नाव एक. कल्पना सुरेख आहे; परंतु हे मुळात दोन निराळे शब्द आहेत.

शेतातला नांगर म्हणजे संस्कृतातील ‘लाङ्गल’. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील शेतीच्या सूक्तात तो आहे. प्राकृतात त्याचे ‘णंगल’ झाले आणि मराठीत ‘नांगर’. ‘ल’चा असा ‘न’ होणे नवे नाही. ‘ललाट’चेही ‘निढळ’ झालेच. तमिळमध्ये नांगराला ‘नाञ्चिल’, कन्नडमध्ये ‘नेगिलु’ म्हणतात. त्यामुळे संस्कृतानेच हा शब्द येथील जुन्या शेतकऱ्यांकडून उचलला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

समुद्रातला नांगर फारसी ‘लंगर’ या शब्दाशी जोडला जातो. हिंदी-गुजरातीत तो अजून ‘लंगर’च आहे. चौल, दाभोळ या बंदरांत अरब-इराणी व्यापाऱ्यांची ये-जा होती. ‘बंदर’ आणि ‘नाखवा’ हे फारसीतून, तर ‘खलाशी’ आणि ‘सुकाणू’ हे अरबीतून आपल्याकडे आले. त्याच मेळ्यातला हा लंगर. मराठी जिभेवर शेतातला नांगर आधीच रुळलेला होता. पाहुणा त्याच्याच नावाने नांदू लागला. पुढे शेताप्रमाणे जहाजही ‘नांगरले’ जाऊ लागले.

मूळ रूपही नाहीसे झाले नाही. खंडोबाचे वाघ्ये लंगर तोडतात, तेथे लंगर म्हणजे लोखंडी साखळी. शिखांच्या अन्नछत्राचे नावही लंगरच.

गंमत अशी की १९३३ साली इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी खरोखरच नांगराच्या फाळासारखा जहाजी नांगर तयार केला. मराठीने नावात केलेली जोडी लोखंडात उतरली!

आज हिंजवडीच्या कारखान्या-कचेऱ्यांच्या शेजारी आमच्या शिवारात प्लॉट पडत आहेत; बैलांचा नांगर क्वचितच दिसतो. जहाजाचा नांगर वर्तमानपत्रात टिकेल. पण रुमणे, हाळीस, फाळ, जू या शब्दांचे काय? ते ‘खेडवळ’ म्हणून आपण वर्गात उच्चारायला लाजतो. आणि त्यांतल्या मुख्य शब्दाचे कूळ तर वेदांपर्यंत पोचते! ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, अशा आपल्यासारख्यांजवळ हे शब्द अजून आहेत. या सुट्टीत आजोबांना एकेका भागाचे नाव विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. ग्रंथालयातल्या कोशापेक्षा ते कोश अधिक घाईचे आहेत.

— एस. वाय. बी. ए.