कानातला आवाज आणि मानेतली सुई

कानात आवाज येतो, ही तक्रार ऐकणाऱ्याला फारशी मोठी वाटत नाही. ताप मोजता येतो, सूज दिसते, खोकला शेजारच्या खोलीत ऐकू जातो. पण हा आवाज ज्याचा त्यालाच. कोणी म्हणतो रातकिडे ओरडतात, कोणी म्हणतो कुकरची शिटी थांबतच नाही. घरची मंडळी दोन दिवस सहानुभूती दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी सांगतात, 'लक्ष देऊ नका म्हणजे झाले.' जणू लक्ष देणे हा रोग्याचा छंदच आहे! आमच्या जुन्या वैद्यांनी तरी ही तक्रार अशी उडवून लावली नव्हती. सुश्रुताने कानाचे 28 रोग सांगितले, त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन निरनिराळे गणले आहेत.

अशा रोग्यांपैकी पुष्कळांची मानही दुखत असते. हल्ली त्यांना कोणीतरी सांगते, की मानेत कोरडी सुई टोचून घ्या, आवाज थांबेल. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून फिजिओथेरपिस्ट ही सुई वापरू लागले आहेत. आवाज कानात आणि सुई मानेत, हे ऐकून शहाणा माणूस हसेल. परंतु आमच्या मते येथे हसण्याची घाई करू नये. आणि सुई टोचून घेण्याचीही करू नये.

प्रथम हा आवाज निघतो कोठून ते पाहू. कानाची काही तक्रार नसलेल्या 80 माणसांना 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघा संशोधकांनी एकेक करून आवाजबंद खोलीत बसवले. काय ऐकू येते ते सांगा, एवढेच त्यांना विचारले होते. शेकडा 94 जणांना गुंजन, शिट्टी, किणकिण असे काहीतरी ऐकू आले. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर हा नाद बहुतेकांच्या डोक्यात आहेच. रेडिओवर दूरचे स्टेशन नीट लागेना म्हणजे आपण आवाज वाढवतो, आणि मग गाण्याऐवजी खरखरच मोठी होते. वयाने किंवा गिरणीतल्या गोंगाटाने कान मंद झाला, की मेंदू हेच करतो असे आज मानतात. श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठ काढताना कधी तो तंतूच तोडावा लागतो. त्या बाजूचा कान ठार बहिरा होतो. पण अनेक रोग्यांचा आवाज त्यानंतरही चालूच राहतो. तेव्हा त्याचे ठाणे कानाच्या पलीकडे, मेंदूत आहे, असे म्हणणे भाग पडते.

आता मान. कानाकडून निघालेला मज्जातंतू मेंदूच्या देठाशी ज्या पहिल्या स्थानकावर थांबतो, तेथे दुसऱ्याही गाड्या येतात. जबड्याकडून आणि मानेच्या वरच्या मणक्यांकडून येणारे तंतू त्याच ठिकाणी जोडलेले आहेत. निसर्गाने ही सोय का केली असावी? आवाज कोणत्या दिशेने आला हे ठरवायचे तर डोके कोणीकडे वळले आहे हे ठाऊक पाहिजे. मांजर कान आणि मान कशी वळवते ते पाहा, म्हणजे हा संबंध लक्षात येईल. शिवाय स्वतःच्या चावण्याचा आणि बोलण्याचा आवाज दाबण्याकरताही या जोडणीचा उपयोग होत असावा. बोस्टनचे रॉबर्ट लेव्हाइन यांनी 1999 साली असे प्रतिपादन केले, की मानेतून किंवा जबड्यातून बिघडलेले संदेश या स्थानकावर आले तर नसलेला आवाज ऐकू येऊ शकतो. मिशिगन विद्यापीठातील सुसान शोर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी या जोडणीला भक्कम आधार दिला आहे.

याची एक साधी परीक्षा घरीच करता येते. शांत खोलीत बसून दात घट्ट आवळावे; मग कपाळावर तळहात ठेवून डोक्याने तो पुढे रेटावा. आवाज चढतो का, उतरतो का, बदलतो का, ते पाहावे. मात्र आवाज बदलला म्हणजे मानच दोषी, असा निकाल देऊन मोकळे होऊ नये. कर्णनादाच्या कितीतरी रोग्यांत तो असा बदलतो. 2018 साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी विचारविनिमय करून जी लक्षणे ठरवली, त्यांत अधिक महत्त्वाची खूण अशी: मानेचे दुखणे आणि आवाज बरोबर सुरू झाले काय, आणि एक वाढले की दुसरेही वाढते काय. दिवसभर मान खाली घालून काम केल्यावर संध्याकाळी दोन्ही वाढत असतील, तर मानेकडे बोट दाखवण्यास आधार आहे.

सुईची गोष्ट मौजेची आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूंतल्या कळीच्या गाठींचा आयुष्यभर अभ्यास केला. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर 1983 साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अशी गाठ दाबली की कळ भलतीकडेच उठते, खांद्यातली गाठ कपाळात दुखते, हे त्यांनी नकाशे काढून दाखवले. आणि चावण्याच्या स्नायूतील गाठीने कानात आवाज येऊ शकतो, असेही नोंदले. या गाठींत त्या काळी बधिरतेचे औषध टोचत असत. पण चेकोस्लोव्हाकियातील डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 साली दाखवले, की औषध न घालता नुसती सुई नेमक्या जागी टोचली तरी कळ थांबते. त्यांच्या 241 रोग्यांत शेकडा 87 जागी तत्काळ आराम पडला. औषध नाही म्हणून ती 'कोरडी'. सुई चिनी अॅक्युपंक्चरचीच, केसासारखी बारीक आणि भरीव. पण टोचण्याची जागा शरीरातील प्रवाहांच्या शास्त्रावरून ठरवत नाहीत, बोटाला लागणाऱ्या गाठीवरून ठरवतात.

कानामागच्या हाडापासून छातीच्या वरच्या टोकाकडे तिरका उतरणारा जो जाड स्नायू आहे, तो चिमटीत धरून उचलतात आणि सुई त्या चिमटीतच घालतात. चिमटीचे कारण उघड आहे: त्याच्या खालून मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी जाते. खांद्यावरील स्नायूत टोचताना फुप्फुसाचे टोक जवळ असते. तेथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर साचते. असे क्वचितच घडते, पण घडते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने ते आधी सांगितलेच पाहिजे. सुई गाठीला भिडली की स्नायू क्षणभर फुरफुरतो, आणि पुढे एक-दोन दिवस ती जागा ठणकते.

गुण येतो का? साव पावलो येथील रोशा आणि सांचेझ यांनी 2007 साली कर्णनादाचे 94 रोगी आणि तो नसलेली 94 माणसे तपासली. पहिल्यांत शेकडा 72 जणांच्या स्नायूंत अशा गाठी होत्या, दुसऱ्यांत 36 जणांच्या. त्याच दोघांनी 2012 साली 71 रोग्यांवर तुलनात्मक प्रयोग केला आणि ज्यांच्या गाठी खरोखर दाबल्या होत्या त्यांना लटक्या उपचारापेक्षा अधिक आराम पडला. पण तेथे दाबण्याचे काम बोटांनी केले होते, सुईने नव्हे! बेल्जममध्ये साराह मिशिल्स यांनी 2016 साली 38 रोग्यांना मानेचे व्यायाम आणि हस्तोपचार दिले. उपचार संपताच निम्म्याहून थोड्या अधिक जणांनी बरीच सुधारणा सांगितली. सहा आठवड्यांनी ती चौघांतल्या एकाचीच उरली. हा दुसरा आकडा उपचार विकणारे सहसा सांगत नाहीत. खुद्द कोरड्या सुईचा कर्णनादावरील पुरावा म्हणजे मुख्यतः एकेका रोग्याच्या हकीकती आणि लहान प्रयोग. बोटाने साधले ते सुईनेही साधेल, हा तर्क आम्हांला सयुक्तिक वाटतो. पण तो तर्क आहे.

शिवाय हा आवाज भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो. माणूस उपचाराला येतो तो भरतीच्या दिवशी. पुढे ओहोटी लागली की श्रेय सुईला. सुई टोचून घेण्यात जो गंभीर विधी आहे, त्यानेही मन निवते. खोटी सुई टोचून तुलना करणे अवघड, कारण टोचले की नाही हे टोचून घेणाराला कळते.

आमच्या ओळखीचे एक शिंपीकाका आहेत. चाळीस वर्षे यंत्रावर वाकून त्यांची मान उजवीकडे आखडली होती आणि उजव्या कानात बारीक शिट्टी वाजे. दात आवळले की शिट्टी चढे. पाच बैठकांत मान मोकळी झाली. आवाजाचे विचारले तर म्हणाले, "आहे हो, पण पूर्वी दिवसा यंत्राच्या घरघरीवरही ऐकू यायचा, आता रात्री पंखा बंद केला तरच." तिसऱ्या महिन्यात लग्नसराई आली, वाकणे वाढले आणि थोडे परतलेही. काकांनी मग यंत्राचा पाट उंच करून घेतला. याचा उपयोग सुईइतकाच झाला असे आम्हांला वाटते.

एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. तेथे दिवस मोजून उपचाराचा गुण कमी होतो. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, एकाच कानात असेल, किंवा सोबत भोवळ येत असेल, तर आधी तपासणी, मग मान. इतरांनीही श्रवणचाचणी करून घ्यावी. कधी नुसता मळ निघतो आणि आवाजही जातो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे. आवाजाने झोप आणि जिवाची शांतता जात असेल तर विचारांना नवे वळण लावण्याचा जो मानसोपचार आहे, त्याचा पुरावा आज सर्वांत भक्कम आहे; सुईचा त्या मानाने फारच थोडा.

हे सर्व पाहून मान खरोखर दुखत असेल आणि आवाज तिच्याबरोबर हलत असेल, तर सुई करून पाहायला आमची हरकत नाही. मानेचा आराम तरी पदरात पडण्याचा संभव आहे. बैठका किती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि रोज रात्री आवाजाला दहापैकी किती गुण ते वहीत लिहीत जावे. चार-सहा बैठकांनंतर वहीतला आकडा हलला नसेल, तर सातवीचे पैसे देऊ नयेत.