उंदराच्या डोळ्यातली दुसरी वाट

दृष्टिपटलातून मेंदूकडे जाणारे चेतातंतू चित्र पोहोचवण्यासाठीच असतात, ही समजूत इतकी मुरलेली होती की तिच्याविरुद्धचा पुरावा पाऊणशे वर्षे दुर्लक्षित राहिला. १९२०च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर यांना आनुवंशिक दोषामुळे आंधळ्या असलेल्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आकसताना दिसल्या. १९७२मध्ये प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांत दृष्टिपटलापासून थेट हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियसपर्यंत, म्हणजे दिवसरात्रीच्या घड्याळापर्यंत, जाणारे तंतू सापडले. वाट सापडली, पण तिच्या उगमाशी कोण बसले आहे हे विचारायची गरज फारशी कुणाला वाटली नाही. उजेड टिपायला दंडपेशी आणि शंकुपेशी होत्याच ना!

रसेल फॉस्टर यांनी १९९१मध्ये दाखवले की दृष्टिपटल झिजलेले उंदीरही आपले घड्याळ उजेडाशी जुळवतात. आक्षेप आला, आणि तो रास्तच होता: चार शंकुपेशी उरल्या असतील. १९९९मध्ये दोन्ही प्रकारच्या पेशी नसलेल्या उंदरांतही तेच घडले. डोळे काढल्यावर मात्र थांबले. म्हणजे उजेड त्वचेतून किंवा कवटीतून शिरत नव्हता. बेडकाच्या त्वचेत १९९८मध्ये सापडलेले मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारे रंगद्रव्य दोन वर्षांत सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातही आढळले. २००२मध्ये डेव्हिड बर्सन यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली: मेंदूतल्या घड्याळात खूणद्रव्य टोचले, ते तंतूंवाटे दृष्टिपटलात ज्या गँग्लियन पेशींपर्यंत पोहोचले त्या निवडल्या, आणि बाकीच्या पेशींचे संदेश औषधाने बंद केले. तरीही निवडलेल्या पेशी उजेडाला प्रतिसाद देत राहिल्या.

तरी एक खोच उरली. मेलॅनॉप्सिन नसलेले उंदीरही घड्याळ जुळवत होते, जरा दुबळेपणाने. मग हा शोध फुगवलेला होता का? माझ्या मते उत्तर २००८च्या प्रयोगात आहे. मेलॅनॉप्सिन असलेल्या या गँग्लियन पेशीच मारल्यावर उंदरांना दिसत राहिले, पण घड्याळ उजेडाला जुळेना. दंडपेशी आणि शंकुपेशींचा निरोपही त्याच पेशींवाटे जात होता. महत्त्व रंगद्रव्याइतकेच वाटेचे होते. पण म्हणून 'पाहणे' आणि 'न पाहणे' अशी सरळ वाटणी करू नये. याच कुळातल्या काही पेशींचे तंतू थॅलॅमसमधल्या दृष्टिकेंद्राकडेही जातात, हे उंदरांत २०१०मध्ये ठळकपणे दिसले. उलट २०११मध्ये, एकसारख्या भासणाऱ्या पेशींतही घड्याळाकडे जाणाऱ्या आणि बाहुलीचे आकसणे सांभाळणाऱ्या असे वेगळे गट निघाले.