हॅमरस्मिथची मेंदूपेढी

पश्चिम लंडनच्या ड्यू केन रोडवर वर्मवुड स्क्रब्ज नावाचा जुना तुरुंग आहे आणि त्याच्या शेजारीच हॅमरस्मिथ हॉस्पिटल. तुरुंग सगळ्यांना ठाऊक. हॉस्पिटलच्या आवारात इंपीरियल कॉलेजने चालवलेली एक पेढी आहे, ती मात्र कुणी मुद्दाम सांगितल्याशिवाय कळायची नाही. तिथल्या फ्रीझरमध्ये उणे 80 अंशांवर माणसांच्या मेंदूचे तुकडे जपून ठेवले आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातलं ‘एमएस’, हा आजार ज्यांनी वर्षानुवर्षं अंगावर वागवला, मुख्यतः त्यांचे हे मेंदू. देणाऱ्यांनी हयातीतच कागदावर सही करून ठेवलेली असते.

ही ऊतिपेढी 1998 साली सुरू झाली, ती ब्रिटनच्या एमएस सोसायटी या धर्मादाय संस्थेच्या पैशावर. सोसायटी स्वतः 1953 ची. सर रिचर्ड केव्ह हे हाउस ऑफ लॉर्ड्समधले अधिकारी, त्यांच्या पत्नी मेरी यांना एमएस होता. त्या काळी या आजारावर औषध नव्हतं. निदान सांगायचं आणि घरी पाठवायचं, याहून डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसे. केव्ह यांनी संस्था काढली आणि 1976 पर्यंत तिचं अध्यक्षपद सांभाळलं. रुग्णाला आजचा दिवस निभावायला मदत करायची आणि संशोधनाला पैसा पुरवायचा, अशी दोन्ही कामं तिने अंगावर घेतली. पैसा येतो कुठून? कुणी मृत्युपत्रात रक्कम लिहून ठेवतं, कुणी मॅरेथॉन धावून ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या जमवतं. अशा पैशातून मेलेल्यांचे मेंदू साठवायचे, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्रच वाटतं.

त्यामागचं कारण आजारातच आहे. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारयंत्रणाच त्यावर उलटते. वेष्टण जिथे झडतं तिथे संदेश अडखळतात. एका डोळ्याला अचानक धूसर दिसू लागतं, पाय बधिर होतो, चालताना तोल जातो. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूतले कडक चट्टे पाहून या आजाराची नीट ओळख करून दिली. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून तपासता येतो, जिवंत माणसाच्या मेंदूला सहसा तसा हात लावत नाहीत. एमआरआयने हे चट्टे पहिल्यांदा टिपले ते 1981 मध्ये, याच हॅमरस्मिथच्या आवारात. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता आजार दिसू लागला. पण एमआरआयमध्ये दिसतात ते मुख्यतः मेंदूच्या पांढऱ्या भागातले चट्टे. वरच्या करड्या सालीत होणारी पडझड तिथे बहुतांशी निसटते. ती पाहायची तर अजूनही शार्कोंच्याच वाटेने जावं लागतं.

पेढीचं काम घड्याळाशी बांधलेलं आहे. देणारा गेला की घरच्यांनी किंवा हॉस्पिटलने फोन करायचा. मेंदू शक्यतो दोन दिवसांच्या आत काढावा लागतो, कारण पेशी थांबत नाहीत. मेंदूबरोबर मज्जारज्जू आणि त्याभोवतीचा द्रवही घेतात. देह अंत्यसंस्कारासाठी घरच्यांकडे परत जातो. पेढीत मेंदूच्या चकत्या करतात, मग त्यांचे दोन सेंटिमीटर लांब-रुंद आणि एक सेंटिमीटर जाड असे ठोकळे पाडतात. उपमा बरी दिसत नाही, पण आकार साधारण बर्फीच्या वडीचा. काही ठोकळे झटकन गोठवायचे, काही फॉर्मालिनमध्ये मुरवायचे. पुढे त्यांचे पापुद्रे काढून काचेवर रंग चढवला, की जिथे मायलिन शाबूत आहे तिथे गडद निळाई दिसते आणि चट्ट्याच्या जागी फिकट, उडालेला डाग. डागाची कड इतकी स्पष्ट असते, की पेन्सिलीने आखल्यासारखी वाटावी.

नुसत्या ठोकळ्याला तसा अर्थ नाही. त्याच्यासोबत त्या माणसाच्या आजाराची कहाणी हवी: पहिलं लक्षण कितव्या वर्षी, काठी कधी आली, व्हीलचेअर कधी, अंथरूण कधी धरलं. जुने केसपेपर मिळवून ही टिपणं नीट लावणं हे पेढीचं किचकट काम. नाव काढून टाकलं जातं, कहाणी राहते. आणि मला विचाराल तर पेढीची खरी श्रीमंती या कागदांत आहे.

2007 चा एक शोधनिबंध पाहा. रॉबर्टा मॅग्लिओत्सी आणि पेढीचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड रेनल्ड्स यांच्या गटाने दुसऱ्या, सतत वाढत जाणाऱ्या टप्प्यातल्या 29 रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांतल्या सुमारे 40 टक्क्यांत, मेंदूवरच्या पातळ आवरणाच्या घड्यांत, बी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींचे घट्ट पुंजके सापडले. अशी रचना लसिकाग्रंथींत असते, मेंदूच्या आवरणात तिचं काही काम नाही. काच एवढंच सांगू शकली असती. केसपेपर उघडल्यावर कळलं, की ज्यांच्यात हे पुंजके होते त्यांचा आजार कमी वयात सुरू झाला होता, व्हीलचेअर लवकर आली होती आणि मृत्यूही लवकर. म्हणजे आजार शांत झाला असं बाहेरून वाटतानाही आवरणाखाली दाह धुमसत असू शकतो. बी-पेशींवर नेम धरणारं ऑक्रेलिझुमॅब हे औषध 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याचं श्रेय एकट्या या शोधाला देता येणार नाही, ते बऱ्याच जणांच्या कामाचं फळ आहे.

2019 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन निबंध आले, एक केंब्रिज आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांचा, दुसरा एडिंबरा आणि स्टॉकहोमच्या. दोघांनीही पेढीतल्या गोठवलेल्या ठोकळ्यांतून एकेका पेशीचं केंद्रक सुटं केलं आणि त्यात कोणती जनुकं चालू आहेत ते वाचलं. 1998 मध्ये पेढी उघडली तेव्हा हे तंत्र अस्तित्वातच नव्हतं. औषध कंपनी असल्या कामात पैसा घालत नाही, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. कुठलं यंत्र कधी निघेल याचा पत्ता नसताना माल साठवून ठेवायला वेगळ्याच प्रकारचा सावकार लागतो.

सोसायटीचा पैसा बुडतोही. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन एमएसचा वेग मंदावेल अशी आशा 2014 च्या छोट्या चाचणीने लावली होती. मग 964 जणांवर मोठी चाचणी झाली आणि 2024 मध्ये उत्तर आलं: उपयोग नाही. आता ‘ऑक्टोपस’ नावाच्या चाचणीत मेटफॉर्मिनची पारख चालू आहे. आपल्याकडे मधुमेहाची ही गोळी घराघरात असते. तिचं पेटंट केव्हाच सरलं, तिच्यावर कुणाला नफा उरलेला नाही, म्हणून ती तपासायला देणगीदार लागतात. संशोधनाच्या बातम्यांत सोसायटीची दुसरी बाजू झाकली जाते. तिची फोनवरची मदतवाहिनी आहे, सरकारी भत्त्याचा अर्ज कसा भरायचा, नोकरीत साहेबांना आजार कसा सांगायचा, असले प्रश्न तिथे येतात. ब्रिटनमधल्या दीड लाखांच्या आसपास रुग्णांपैकी बहुतेकांना फ्रीझरपेक्षा हा फोन जवळचा.

आपल्याकडे एमएस सोसायटी ऑफ इंडिया 1985 मध्ये मुंबईत सुरू झाली. ती उभारणाऱ्या रेहमत फझलभॉय यांना स्वतःलाच एमएस होता. एमएस म्हणजे गोऱ्यांचा आजार, हा समज तेव्हा डॉक्टरांतही होता. मुंबईचे न्यूरोलॉजिस्ट नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात त्याचं प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरंच जास्त असल्याचं दाखवून दिलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद घेतली त्यांत एमएस आहे. मेंदू साठवण्याची सोय बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे. देहदान महाराष्ट्राला नवं नाही, अर्ज भरलेली माणसं आपल्या नात्यागोत्यात सापडतात. पण तो देह वैद्यकीय कॉलेजात शिकवण्यासाठी रसायनं भरून टिकवतात, आणि तसा टिकवलेला मेंदू गोठवून जनुकं वाचायच्या कामाचा नसतो. देहदान आणि मेंदूदान, दोन्हींची घाई वेगळी, कागदपत्रं वेगळी.

संमतीच्या बाबतीत ब्रिटनने चटका खाल्लेला आहे. लिव्हरपूलच्या ‘अल्डर हे’ रुग्णालयात मुलांचे अवयव आईवडिलांना न विचारता ठेवून घेतल्याचं उघड झालं, 2001 मध्ये चौकशी अहवाल आला आणि 2004 मध्ये नवा कायदा. हॅमरस्मिथची पेढी सुरुवातीपासूनच आधी सही, मग बाकी सगळं या रीतीने चालत आली होती. तिथे नाव नोंदवायला एमएस झालेलाच असावा असंही नाही. डाग कशाला म्हणायचं हे ठरवायला बिनडागाचा नमुना शेजारी लागतो, आणि धडधाकट माणसाला आपला मेंदू कुणाच्या कामाचा असेल असं सहसा सुचत नाही. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांना आणि ज्यांना हा आजार नाही अशांनाही फॉर्म भरायला सांगितलं जातं. फॉर्म भरला की घरी बोलून ठेवायचं, कारण फोन करायची वेळ येते तेव्हा तो दुसऱ्याच कुणीतरी करायचा असतो.